हार्ट पेशंट आहे म्हणून वजनाचा विषय सोडू नका

हार्ट पेशंटला वजन कमी करा सांगतात, पण जिना चढतानाच धाप लागते तर तो व्यायाम करणार कसा, याचं मला फार वाईट वाटतं. आता तोंडातून एंडोस्कोप, म्हणजे कॅमेरा असलेली लवचिक नळी, घालून आतूनच टाके मारून जठर अरुंद करतात, पोटावर चीर नाही, लठ्ठ लोकांवरच्या २०२२ च्या मेरिट नावाच्या ट्रायलमध्ये (वैद्यकीय चाचणीत) वर्षभरात सरासरी १३.६ टक्के वजन उतरलं. भूल मात्र लागते, म्हणून आधी कार्डिओलॉजिस्टचा होकार पाहिजेच पाहिजे. जठरात फुगा ठेवतात त्या बलूनचं वेगळं, त्यात अल्सरची भीती असते आणि स्टेंटवाल्यांना (हृदयाच्या रक्तवाहिनीत जाळी बसवलेल्यांना) रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे तो बऱ्याचदा त्यांना चालतच नाही. आणि प्लीज, त्या गोळ्या स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.