माळ्याची तुळई आणि ताणलेली दोरी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत मी गेलो होतो तो शेडच्या गळतीची पाहणी करण्यासाठी. पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, ठेवण्याच्या माळ्याखालून जाताना मधल्या तुळईवर नजर गेली आणि मी तिथेच थांबलो. ती खाली झुकलेली नव्हती, पण एका कुशीवर कलल्यासारखी दिसत होती. शिडी लावून वरच्या फ्लँजच्या, म्हणजे I-आकाराच्या तुळईच्या वरच्या आडव्या पट्टीच्या, कडेवरून ओळंबा सोडला, तेव्हा तो खालच्या फ्लँजच्या कडेपासून 11 मिमी दूर लोंबत होता. मग तुळईच्या दोन्ही टोकांना दोरी ताणून मध्यावर पट्टी धरली. वरचा फ्लँज 18 मिमी बाजूला सरकलेला होता.

फॅब्रिकेटरला बोलावून घेतले, तेव्हा तो हिशोबाची वही घेऊनच आला. तुळई आयएसएमबी 300 (300 मिमी उंचीची पोलादी तुळई), गाळा 6 मीटर, तुळयांमधील अंतर 2 मीटर आणि प्रत्येक मीटरवर सुमारे 11.4 किलोन्यूटन भार. बेंडिंग मोमेंट, म्हणजे भाराचा वाकवणारा जोर, 51 किलोन्यूटन-मीटर, त्याला 573.6 घन सेंटिमीटर सेक्शन मॉड्युलसने (तुळईच्या छेदाच्या आकारावरून येणाऱ्या मापाने) भागले की ताण 90 मेगापास्कल. जुन्या पद्धतीप्रमाणे 165 पर्यंत चालतो. "साहेब, बीम साठ टक्क्यावर बी लोड न्हाई, मग हे वळतंय कशापायी?" असे त्याने अगदी प्रामाणिकपणे विचारले. त्याच्या आकडेमोडीत एकही चूक नव्हती. मात्र ते 165 मेगापास्कल वरचा फ्लँज बाजूने धरलेला असेल, तरच मिळतात आणि त्या अटीचा वहीत कुठेच उल्लेख नव्हता.

तुळईचा वरचा फ्लँज दाबाखाली असतो आणि दाबाखालचा कोणताही लांब, सडपातळ भाग बाजूला निसटू पाहतो. या तुळईचा उभ्या दिशेचा मोमेंट ऑफ इनर्शिया, म्हणजे वाकण्याला होणाऱ्या विरोधाचे माप, सुमारे 8,604 सेमी⁴ आहे, तर आडव्या दिशेचा केवळ 454, म्हणजे एकोणिसावा हिस्सा. आडव्या दिशेची जिरेशन त्रिज्या 28.4 मिमी असताना 6 मीटर लांबी मोकळी ठेवली, तर सडपातळपणाचे गुणोत्तर (लांबी भागिले ही त्रिज्या) 211 होते. आयएस 800:2007 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकाप्रमाणे मी तिथेच कागदावर मांडून पाहिले. वरचा फ्लँज पूर्ण धरलेला असता, तर हीच तुळई 148 किलोन्यूटन-मीटर पेलते. सहा मीटर मोकळी असली, तर अवघे 53. सुरक्षिततेसाठी भारावर दीडचा गुणक लावल्यावर आमची गरज 77 होती.

मूळ नकाशात माळ्याचे आडवे चॅनेल तुळयांच्या वरच्या फ्लँजला वेल्ड करायचे होते. प्रत्यक्षात ते नुसते वर टेकवलेले होते, कारण पुढेमागे माळा हलवता यावा अशी मालकांची इच्छा होती. वेल्डिंग करून टाकले की काम झाले, असे फॅब्रिकेटरचे म्हणणे पडले. पण मला त्याहून मोठी काळजी दिसत होती. तिन्ही तुळया एकमेकींना बांधल्या, तरी सगळ्यांचा कल एकाच बाजूला असेल, तर त्या हातात हात घालून एकत्रच कलंडतात. त्या साखळीचे एक टोक कुठेतरी घट्ट रोवलेले असावे लागते. नव्या अभियंत्यांच्या नकाशांत मला हीच उणीव वारंवार आढळते आणि प्रत्येक वेळी जीव खाली-वर होतो.

माळ्याखाली लगेच प्रॉप, म्हणजे तात्पुरते टेकू, लावले आणि पॅटर्न उतरवून घेतले. लाकडी पॅटर्न हलके, पण अ‍ॅल्युमिनियमचे दोघांनी उचलावे लागत, त्यामुळे दुपार उलटली. भार उतरल्यावर दोरीपासूनचे अंतर 18 वरून 7 मिमीवर आले. पोलाद अजून लवचीक मर्यादेतच होते, हे कळताच मी मोकळा श्वास घेतला.

मग सगळे चॅनेल फ्लँजला वेल्ड केले आणि एका गाळ्यात अँगलचे तिरपे ब्रेसिंग घालून ते शेडच्या खांबांना जोडले. त्यासाठी लागणारे बळ ऐकून मालक चकित झाले. फ्लँजमधील दाब सुमारे 267 किलोन्यूटन आणि त्याच्या अडीच टक्के, म्हणजे एका तुळईमागे 7 किलोन्यूटनही नाही. तिन्ही तुळया धरूनही साधे अँगल पुरले. तुळई मध्यावर एकदा जरी पक्की धरली, तरी मोकळी लांबी 3 मीटर होऊन तिची क्षमता 53 वरून 103 वर जाते. इथे तर चॅनेल दर मीटरला होते.

चौथ्या दिवशी सगळे पॅटर्न पुन्हा चढवून प्रॉप काढले. फॅब्रिकेटरने स्वतःच दोरी ताणली, मध्यावर पट्टी धरली आणि आकडा मोठ्याने वाचला: "सात."