टेलव्हील विमान शिकताना: माझा अनुभव

नोजव्हील विमानावरून (तिसरं चाक नाकाखाली) टेलव्हीलवर (तिसरं चाक शेपटाखाली) आल्यावर हवेत नवीन शिकण्यासारखं थोडंच असतं. जे नवीन असतं ते जमिनीवर. मी शिकलो पायपर जे-३ कबवर. ६५ हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन, एकामागे एक दोन सीटा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या, उतरताना खाली करायच्या झडपा) नाहीत आणि बहुतेक कबना स्टार्टरही नाही, त्यामुळे प्रोपेलर हाताने फिरवून इंजिन चालू करायचं. एकट्याने उडायचं तर मागच्या सीटवर बसायचं, नाहीतर गुरुत्वमध्य फार पुढे सरकतो.

पहिल्या धड्यात इन्स्ट्रक्टरने फळ्यावर एकच आकृती काढली. नोजव्हील विमानात गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, टेलव्हीलमध्ये मागे. जमिनीवर नाक जरा जरी वळलं तरी विमानाचं वजन मूळ दिशेनेच जाऊ पाहतं. वजन चाकांच्या पुढे असेल तर ते विमानाला ओढून सरळ करतं, मागे असेल तर वळण आणखी वाढवतं. पिसांची बाजू पुढे करून सोडलेला बाण जसा हवेत उलटा फिरतो, तसं शेपूट पुढे यायला बघतं. हाच ग्राउंड लूप. त्यात बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो आणि कधीकधी लँडिंग गिअरचा पायही दुमडतो. पुढच्या सगळ्या धड्यांत या एका गोष्टीचेच परिणाम हाताळायचे असतात.

प्रीफ्लाइटमध्ये, म्हणजे उड्डाणाआधीच्या तपासणीत, म्हणूनच शेपटाकडे जास्त वेळ द्यावा. टेलव्हीलची पट्ट्यांची स्प्रिंग, तिचे बोल्ट आणि रडरला (शेपटावरचं, पायांनी हलवायचं उभं सुकाणू) जोडणाऱ्या दोन लहान स्प्रिंगा हाताने ओढून बघायच्या. पट्ट्या दबून सपाट झाल्या की चाकाच्या उभ्या अक्षाचा कोन बिघडतो आणि उतरल्यावर चाक थडथडायला लागतं, त्याला शिमी म्हणतात. मुख्य टायरांमध्ये हवा कमीजास्त असेल तर विमान एका बाजूला ओढतं, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपलेच पाय चुकतायत.

टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवत नेताना, मागच्या सीटवरून समोर फक्त नाक दिसतं. नागमोडी जायचं, डावीकडे वळलं की उजवीकडून पुढे बघायचं, आणि वेग चालण्याइतकाच ठेवायचा. वारा समोरून असेल तर स्टिक (हाताने धरायचा दांडा) पूर्ण मागे आणि वाऱ्याच्या बाजूला. वारा मागून असेल तर स्टिक पुढे आणि वाऱ्यापासून दूर, नाहीतर तोच वारा एलिव्हेटरखाली (शेपटावरची आडवी, वरखाली हलणारी झडप) शिरून शेपूट उचलतो. स्टिअर होणारं टेलव्हील ठरावीक कोनापर्यंतच पायाचं ऐकतं. बऱ्याच बनावटींत त्यापुढे ते मोकळं सुटतं, मग वळवायला किंवा थांबवायला एकाच बाजूचा ब्रेक लागतो. कबचे ब्रेक टाचेने दाबायचे असतात आणि तसे ते कमजोरच. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी हे बरंच आहे: ब्रेकवर विसंबायची सवय लागत नाही.

टेकऑफला थ्रॉटल (इंजिनाची पॉवर कमीजास्त करायचा दांडा) एकदम नाही, तीनचार सेकंदांत पुढे. कॉकपिटमधून घड्याळाच्या काट्यांसारख्या फिरणाऱ्या प्रोपेलरमुळे नाक डावीकडे जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण शेपूट उचलतानाचा धक्का वेगळा आहे. फिरत्या प्रोपेलरची पातळी बदलली की जायरोस्कोपसारखा परिणाम होऊन नाक पुन्हा डावीकडे जातं, आणि नेमकं तेव्हाच टेलव्हील जमीन सोडतं. म्हणून शेपूट सावकाश उचलायचं आणि उजवा पाय आधीच तयार ठेवायचा. वारा डावीकडून असेल तर तोही नाक त्याच बाजूला वळवतो. ही जोडी सगळ्यात अवघड.

आता उतरणं. थ्री-पॉइंट लँडिंगमध्ये तिन्ही चाकं एकदम टेकतात. त्या क्षणी विमानाचा कोन जमिनीवर उभ्या असलेल्या विमानाइतकाच असायला हवा. त्यामुळे उभ्या विमानात बसून नाकाच्या दोन्ही बाजूंना क्षितिज कुठे येतं ते डोळ्यांत बसवणं, हा सगळ्यात स्वस्त सराव. थ्रॉटल कमी करण्याआधी कार्बोरेटर हीट (आत बर्फ साचू नये म्हणून गरम हवा), अप्रोचला म्हणजे धावपट्टीकडे खाली येताना ताशी ५५ ते ६० मैल. जमिनीजवळ आल्यावर विमान टेकवायला जायचं नाही, उलट ते टेकू द्यायचं नाही. वेग कमी होईल तशी स्टिक मागे येत राहते आणि ती पूर्ण मागे पोचेपर्यंत पंखांची विमान उचलून धरायची ताकद संपलेली असते.

ते व्हायच्या आत, खाली येता येताच मुख्य चाकं टेकली तर बाउन्स होतो. लोक टायरला दोष देतात, पण खरं कारण फळ्यावरची तीच आकृती. चाकं थांबली तरी मागचं वजन खालीच येत राहतं, शेपूट पडतं, पंखांचा हवेशी होणारा कोन वाढतो आणि विमान पुन्हा उडतं. अशा वेळी स्टिक पुढे ढकलली की पुढचा आपट आणखी जोराचा, आणि तिसऱ्या आपटात प्रोपेलर जमिनीला लागू शकतो. बाउन्स छोटा असेल तर कोन तसाच धरून थोडी पॉवर द्यायची आणि पुन्हा बसवायचं. मोठा असेल तर विचार न करता पूर्ण थ्रॉटल आणि गो-अराउंड, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायचं.

टेकल्यावर स्टिक पोटाशी, म्हणजे टेलव्हीलवर भार राहतो. नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर. पाय सतत लहान, झटपट हालचाली करत राहतात: दाब द्या आणि लगेच काढा. दाब धरून ठेवला की नाक परत येताना मध्यरेषा ओलांडतं. वेग उतरतो तसा रडरवरून जाणारा वारा कमी होतो, त्याची पकड सुटते आणि टेलव्हील व ब्रेक यांच्यावर सगळं येतं. ‘उतरलो’ म्हणून पाय सैल पडतात ते याच वेळी. गवतावर टायर आडवे घसरतात, त्यामुळे थोडा तिरकेपणा खपून जातो. डांबरावर ते चिकटतात, म्हणून सुरुवात गवतावर करावी.

व्हील लँडिंगमध्ये आधी फक्त मुख्य चाकं टेकवायची: वेग थोडा जास्त, थोडी पॉवर, शेपूट किंचित खाली, आणि खाली येण्याचा दर जवळपास शून्य. चाकं लागताच स्टिक बोटभर पुढे. एवढ्याने कोन घटतो आणि विमान जमिनीला चिकटतं. त्याआधी पुढे नेली तर चाकं आपटतात, उशीर झाला तर बाउन्स. मग शेपूट उचललेलं ठेवत थांबायचं आणि एलिव्हेटरमध्ये जोर असेपर्यंत स्वतःहून खाली आणायचं. शेपूट वर असताना जोरात ब्रेक मारले तर विमान नाकावर जाऊ शकतं.

क्रॉसविंडमध्ये, म्हणजे आडव्या वाऱ्यात, वाऱ्याकडचा पंख खाली, उलटा रडर, आणि वाऱ्याकडचं मुख्य चाक आधी टेकणार. वेग कमी होईल तसं एलेरॉन (पंखांच्या टोकांकडच्या, स्टिकने हलणाऱ्या झडपा) वाऱ्याच्या बाजूला वाढवत न्यायचं. एक बारकावा बऱ्याच जणांकडून सुटतो: टेलव्हील रडरला जोडलेलं असतं. शेपूट टेकताना पाय अजून उलट्या बाजूला दाबलेला असेल तर चाक वळलेल्या स्थितीतच जमिनीला लागतं आणि विमान झटक्यात बाजूला जातं. टेकण्याच्या क्षणी पाय सरळ करायचा.

थ्री-पॉइंट आणि व्हील लँडिंग या दोन्हींपैकी कोणतं चांगलं यावर वैमानिक तासन्‌तास भांडतात. आखूड किंवा खडबडीत पट्टीवर मी थ्री-पॉइंट करतो, कारण वेग सर्वांत कमी असतो. झोत मारणाऱ्या वाऱ्यात व्हील लँडिंग. धावपट्टी सोडताना मात्र दोन्हींत नियम एकच: आधी वेग चालण्याइतका कमी करायचा, मग वळायचं, आणि वळताना वारा मागे येत असेल तर स्टिक पुढे न्यायची.