शुगर आहे? मग खोबरं किती भाजता तेही पाहा

सावजी रश्श्यासाठी सुकं खोबरं आणि कांदा विस्तवावर काळे होईस्तोवर भाजतात, वाटण तेलात परततात, त्यात मटण लाल करतात आणि वर बोटभर तर्री. चहातली साखर सुटते, भाकर मोजून खाल्ली जाते, पण या रश्श्याच्या गंजाकडं, म्हणजे पातेल्याकडं, कोणी पाहत नाही.

साखर आणि प्रथिनं एकत्र तापली की तपकिरी रंग अन् खमंग वास येतो. लुई-कामिल मेयार या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१२ मध्ये ही क्रिया मांडली. तिच्या शेवटी जे पदार्थ बनतात त्यांना ‘एजीई’ म्हणतात. चरबी कोरडी तापली की तेही वाढतात. शुगर चढलेल्या रक्तात हीच क्रिया संथपणे चालू असते. एचबीए१सी या रक्तचाचणीत मोजतात ती हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर, म्हणजे तिचा पहिला टप्पा. अंगात आधीच हे जास्त, त्यात ताटातून भर. त्यानं शरीरातला दाह वाढू शकतो आणि इन्सुलिनचं काम अडू शकतं. न्यूयॉर्कमधल्या एका छोट्या चाचणीत टाइप २ मधुमेहाच्या रुग्णांनी ४ महिने कमी एजीईचं जेवण घेतलं, तेव्हा त्यांच्यात इन्सुलिनला होणारा विरोध घटला.

भाजणं कमी केल्याचा फायदा जेवल्यावर ग्लुकोमीटरवर दिसणार नाही, आणि तो गोळ्यांची जागाही घेणार नाही. उलट, उकडलेल्या भातात एजीई अगदी कमी, तरी शुगर चढवतो तोच. म्हणून भाताचं माप आहे तेच ठेवा.

भांड्यात पाणी आहे तोवर उष्णता १०० अंशांच्या आसपासच राहते, म्हणून उकडलेल्यात एजीई कमी. अर्धा किलो मटणाला एका लिंबाचा रस लावून तासभर ठेवा. आंबटानं एजीई बनणं बरंच कमी होतं. मग लाल न करता थेट पाणी घालून शिजवा. खोबरं निम्मं घ्या आणि मंद तव्यावर बदामी रंगावर थांबा. कांदा कच्चा वाटला तर रस्सा कडवट होतो, म्हणून आधी झाकण ठेवून थोड्या पाण्यात मऊ शिजवा, मग वाटा. फोडणीला दोन मोठे चमचे तेल पुरतं. रस्सा पातळ वाटला तर चमचाभर ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून उकळीत सोडा. भाजल्याचा वास कमी पडतो हे खरं; धणे, लवंग, दगडफूल ताजं कुटून शेवटी घातलं की बरीच भरपाई होते.

वाफेचं खाणं आपल्याकडं मुळातच आहे. फुणके, कढीगोळे नेहमी करा, तळलेली सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) सणापुरती. गोवऱ्यांच्या अंगारावरचे रोडगे खाताना काळं कवच काढून टाका आणि एकावर थांबा, कारण ती कणीकच आहे.

बाजारातल्या आलूबोंड्याचं दुखणं वेगळं. पुन्हापुन्हा तापलेल्या तेलात ॲल्डिहाइडं आणि ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून बनणारे पदार्थ, साचतात. एफएसएसएआय या देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेनं ध्रुवीय संयुगांची मर्यादा २५ टक्के घातली आहे. घरचं तळणीचं तेल गाळून दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळायला नको. फेस येत असेल, चिकट झालं असेल किंवा लवकर धूर सुटत असेल तर फेकाच.

एजीई बाहेर टाकायचं काम मूत्रपिंडं करतात. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर काळं वाटण आणि तर्री आधी बंद करा, मटण किती खायचं तेही डॉक्टरांना विचारूनच ठरवा.