आईच्या मांडीवरचे हात

आज दुपारी आई, मी आणि लेक असे तिघंजण 'दो आँखें बारह हाथ' बघायला बसलो. सहा खुनी कैद्यांना मोकळ्या शेतावर नेऊन सुधारणाऱ्या जेलरचा हा 1957चा कृष्णधवल सिनेमा, लेक दहा मिनिटांत उठून जाईल असं वाटलं होतं. ती उठली तर नाहीच, उलट मध्येच म्हणाली, "बाबा, दाराला कुलूप नाही, मग हे सहाजण पळून का जात नाहीत?"

मला पटकन उत्तर देता आलं नाही. आई म्हणाली, "तो जेलर बघतोय ना त्यांच्याकडे!"

आईने हा सिनेमा लहानपणी गावच्या जत्रेत, तंबूत पाहिलेला. शेवटी जेलर जातो तेव्हा बायका मोठ्याने रडत होत्या, असं तिने सांगितलं. बैलाशी झुंजीच्या त्या प्रसंगात जेलरचं काम करणाऱ्या व्ही. शांतारामबापूंच्या डोळ्यांना खरोखरच इजा झाली होती, हे लेकीला सांगितलं तर तिने तो भाग पुन्हा लावायला लावला.

आणि ही गोष्ट हवेतली नाही. गदिमांनी लिहिलेल्या या कथेमागे औंध संस्थानातला, आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा खुल्या तुरुंगाचा प्रयोग आहे. आपल्याच माणदेशातला! खुनी म्हणून शिक्षा झालेल्या माणसांच्या हाती कुदळ देऊन त्यांच्यावर विश्वास टाकणारी माणसं इथे होती, याचा मला आज फार अभिमान वाटला.

'ऐ मालिक तेरे बंदे हम' लागलं, तसे आईने हात जोडले. शाळेत रोज म्हणायचे ते. आवाज कापत होता, पण एकही शब्द चुकला नाही. लेक हळूच तिला टेकून बसली.