आलेखातली चोरी

2019 च्या पावसाळ्यात आमच्या तालुक्यात नववी-दहावीच्या गणित शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. देशोदेशीच्या मुलांचं वाचन, गणित आणि विज्ञान तपासणाऱ्या पिसा चाचणीच्या 2021 च्या फेरीत भारत उतरणार, केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं आणि चंदीगडच्या शाळांमधली पंधरा वर्षांची मुलं ती देणार, असं ठरलं होतं. आमच्या शाळांचा त्यात काही संबंध नव्हता. पण वरून विषय आला होता आणि सुलभकांच्या यादीत माझं नाव होतं.

पोहे झाल्यावर मी 2003 च्या चाचणीतला एक खुला केलेला प्रश्न वाटला. दोन उभे स्तंभ : 1998 मधल्या चोऱ्या आणि 1999 मधल्या चोऱ्या. दुसरा स्तंभ पहिल्याच्या दुपटीहून उंच. टीव्हीचा वार्ताहर म्हणतो, चोऱ्यांमध्ये प्रचंड वाढ झाली. त्याचं म्हणणं योग्य आहे का? कारण लिहा.

बेचाळीस शिक्षकांपैकी निम्म्यांनी ‘योग्य’ लिहिलं. मग एकानं उभ्या अक्षावर बोट ठेवलं. अक्ष शून्यापासून नव्हे, 505 पासून सुरू होत होता. पाचशेच्या वर आकडा आणि वाढ जेमतेम आठ-दहा चोऱ्यांची. हशा पिकला. नुसतं ‘अयोग्य’ लिहून भागत नाही, कारण दिलं नाही तर शून्य गुण, हे सांगितल्यावर मात्र कुरकुर झाली. आपल्याकडे उत्तर बरोबर आलं की काहीतरी पदरात पडतंच.

माझी गाडी रुळावर होती. पुढची स्लाइड लावली. 2009 च्या फेरीत तमिळनाडू आणि हिमाचल प्रदेश उतरले होते. वाचनात शांघाय 556, फिनलंड 536, तमिळनाडू 337, हिमाचल 317. चौऱ्याहत्तर देश-प्रदेशांत आपली दोन राज्यं तळाशी, त्यांच्याखाली फक्त किर्गिझस्तान, 314 वर. सभागृह गप्प झालं. मला तेच हवं होतं.

मागच्या रांगेतून एक मॅडम उठल्या. “सर, चोऱ्यांचा आलेख 505 पासून होता म्हणून आम्ही हसलो. तुमचा 300 पासून आहे.”

फरक नीट दिसावा म्हणून आदल्या रात्री मीच तो अक्ष 300 वर आणला होता. फिनलंडचा स्तंभ हिमाचलच्या चौदापट उंच दिसत होता. खरं गुणोत्तर पावणेदोनपटीलाही पोचत नाही.

“शून्यापासून काढा की,” कुणीतरी म्हणालं. मी खडू घेऊन फळ्यावर काढला. चारही स्तंभ बऱ्यापैकी उंच झाले, आणि दोन-तीन चेहरे खुललेही. म्हणजे आपण इतके काही मागे नाही तर!

इथं मला घाम फुटला, कारण हा आलेखही फसवाच होता. चोऱ्या मोजता येतात. शून्य चोऱ्या म्हणजे खरोखर शून्य. पिसाच्या मोजपट्टीला तसा शून्य नाही. वाचनाची पट्टी 2000 साली बांधली, तेव्हा ओईसीडी, म्हणजे मुख्यतः श्रीमंत देशांच्या गटाची सरासरी 500 आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, 100 धरलं. म्हणून 317 हे 536 च्या साठ टक्के, असं म्हणण्याला अर्थच नाही. बघायचा तो फरक. 219 गुण, म्हणजे दोन प्रमाण विचलनांहून जास्त. स्तंभ कसेही काढा, ही दरी मोठीच राहते. उलट हिमाचल आणि किर्गिझस्तानमधले 3 गुण नमुना निवडताना येणाऱ्या चुकीतच विरून जातात. आणि वर्तमानपत्रं तर नेमका क्रमांकच छापतात.

“आणि शाळा सोडलेली पोरं?” त्याच मॅडम. ती मोजणीतच नसतात, चाचणी फक्त शाळेत असलेल्या मुलांची होते, असं मी म्हणालो. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्यांच्या शाळेतली पोरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, हे मला जेवताना कळलं.

पुढे करोना आला, ती चाचणी 2022 वर गेली आणि भारत तीत उतरलाच नाही. माझ्या सादरीकरणात ती स्लाइड अजून आहे. स्तंभ काढून टाकलेत, साधा तक्ता ठेवलाय. गेल्या खेपेला अभिप्रायाच्या कागदावर एकानं लिहिलं होतं : तक्त्यातले आकडे मागून दिसत नाहीत, आलेख असता तर बरं झालं असतं.