मापाचं ब्लाऊज

टेप छातीवरून खाली कमरेवर आली की बाई श्वास आत ओढते. अठरा वर्षांची असो नाहीतर साठीची, सगळ्या ओढतात. पोट आत, खांदे वर आणि नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर. मी टेप तशीच धरून उभी राहते. "वहिनी, श्वास सोडा. हे घालून जेवायला बसायचंय तुम्हाला." मग हसतात, श्वास सुटतो आणि टेप दीडेक इंच पुढं सरकते. वहीत लिहायचं माप ते.

सांगलीच्या गावभागात आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं मशीन, बाजूला कपाट, समोर उभा आरसा, दारावर 'ब्लाऊज, फॉल, पिको' अशी पाटी. सव्वीस वर्षं झाली या खोलीत. आरशासमोर उभ्या राहिल्या की बायका स्वतःबद्दल जे बोलतात ते त्यांच्या सासूनंही कधी बोललं नसेल. "माझे दंड बघू नका हो." "पाठ म्हशीसारखी झालीय." "दुसऱ्या बाळंतपणानंतर सगळं संपलंच." एक जण तर माप घेताना कानाशी येऊन म्हणाली, "आकडा मोठ्यानं म्हणू नका, बाहेर जाऊबाई बसल्यात." तेव्हापासून मी मापं तोंडानं म्हणतच नाही, गुपचूप लिहिते. मला त्या बायकांची फार कणव यायची. समजूत घालायची, "काही वाईट दिसत नाही तुम्ही, शिवणारीला नीट शिवता आलं पाहिजे, एवढंच."

आणि हे सगळं म्हणताना माझ्या अंगावर काय असायचं? काखेत ठिगळ दिलेलं ब्लाऊज.

माझ्या वहीत सगळ्यांची मापं होती. खणभागातल्या बाईंची, विश्रामबागच्या बँकवाल्या मॅडमची, हरिपूरच्या दोन्ही जावांची. माझं माप नव्हतं. माझ्याकडे होतं ते मापाचं ब्लाऊज, वाइन रंगाचं, २००८ साली धाकट्या नणंदेच्या लग्नात शिवलेलं. छाती ३४. नवं शिवायचं झालं की ते कापडावर पसरायचं, कडेनं खडू फिरवायचा, 'अंदाजानं' दोन बोटं वाढवायची आणि कात्री लावायची. गिऱ्हाईक जुनं ब्लाऊज घेऊन आलं तर मी म्हणते, "हे किती वर्षांपूर्वीचं? थांबा, नवीन माप घेऊ." स्वतःच्या बाबतीत हे सुचलंच नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, पण आकडा बघायचा नव्हता.

आता माया. ज्या शिवत नाहीत त्यांच्यासाठी सांगते, शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड सोडतात त्याला आम्ही माया म्हणतो. बाजूच्या शिवणीत मी सव्वा ते दीड इंच माया ठेवते आणि आत तीन टिपा मारते, एकाशेजारी एक. बाई भरली की एक टीप उसवायची, ब्लाऊज सैल. पुढच्या वर्षी दुसरी. शिवणारी चांगली की वाईट हे ब्लाऊज उलटं केल्यावर कळतं. बाहेरून सगळीच चकचकीत असतात.

माझ्या स्वतःच्या ब्लाऊजला माया नसायची. कारण साधं आहे. बाजारात ब्लाऊजपीस येतो ८० सेंटिमीटरचा. चौतीस-छत्तीसला तो पुरतो, माझ्यासारखीला बसवायचा म्हणजे कसरत. आणि माझे पीस कुठले, तर हळदीकुंकवाला आलेले, ओटीत पडलेले, कुणाचे उरलेले. स्वतःसाठी कापडपेठेत जाऊन मीटरभर कापड फाडून घ्यायचं हे डोक्यातच नव्हतं. मग असलेल्या पिसात बसवायचं तर माया कापा, अस्तर जुन्या परकराचं लावा, बाही आखूड करा. फिरत्या ब्लाऊजपिसांचं तर काय सांगू, एक हिरवा पीस मी दिलेला तीन वर्षांनी माझ्याच ओटीत परत आला, घडीसकट.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा घरात आली तेव्हाचं आठवतं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. २००५ ला आमच्या उंबऱ्यापर्यंत आलं होतं, त्या हिशोबानं मी मशीन पलंगावर चढवून ठेवलं आणि निर्धास्त राहिले. या खेपेला पलंगही बुडाला. पण त्याआधी मी गिऱ्हाइकांचे कपडे दोन चादरींत बांधून वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे पोचवले, त्रेचाळीस नग, चिठ्ठ्यांसकट. एकाचंही हूक हललं नाही. माझी लग्नातली साडी, आईनं दिलेला खण, शिवणक्लासचं सर्टिफिकेट खालच्या ट्रंकेत राहिलं. पुढे कितीतरी दिवस ही गोष्ट मी अभिमानानं सांगायचे. ऐकणारेही म्हणायचे, "केवढी जबाबदार हो तुम्ही!" एकाही बाईनं विचारलं नाही की तुमचं काय राहिलं. विचारलं असतं तर मी "काही नाही, जुनीपानी चिंध्या" असंच म्हटलं असतं. तेव्हा त्यांच्यावर रुसण्यात अर्थ नाही.

खांदा आखडला त्याला आता दोन वर्षं होतील. उजवा. आधी रात्री ठणकायचा, मग हात मागं जाईना. अंबाडा घालता येईना, वरच्या फळीवरचा डबा निघेना. मशीन मात्र चालत होतं, कारण शिवताना हात पुढंच असतो. म्हणून चार महिने तेल लावून काढले. लग्नसराई होती, आणि मार्केट यार्डात हळदीचा सीझन. आमचे हे हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहेत. रात्री यांच्या सदऱ्याला पिवळी धूळ आणि माझ्या पदराला दोरे, दोघं गप जेवायचो. शेवटी वेणी घालायला शेजारच्या पोरीला हाक मारायची वेळ आली तेव्हा दवाखान्यात गेले.

डॉक्टर बाईंनी हात फिरवून बघितला आणि खांदा सोडून साखरेचं विचारलं. फ्रोझन शोल्डर चाळिशी ते साठीतल्या बायकांना जास्त होतो आणि मधुमेह असला तर आणखीच, असं त्या म्हणाल्या. तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर, ते एचबीएवनसी म्हणतात ते, ८.२ निघालं. साडेसहा किंवा त्याच्या वर असलं की मधुमेह. किती दिवसांपासून होता कोण जाणे. माझी तपासणी कधी झालीच नव्हती. सासूबाईंची दर तीन महिन्याला करून आणत होते मीच, त्यांची फाईल माझ्या हातच्या अक्षरात आहे.

खूप चिडले मी. कुणावर? स्वतःवरच. "एवढी अक्कल नाही, सहा सहा कप गोड चहा ढोसतेस, बरं झालं." हे मनात नाही, मोठ्यानं, गॅससमोर उभं राहून. लेक दिवाळीच्या सुट्टीत आलेली होती, तिनं ऐकलं. ती पुण्यात मानसशास्त्र शिकते. म्हणाली, "आई, खणभागातल्या मावशींना शुगर निघाली असती तर तू त्यांना असं बोलली असतीस?"

मी तिला गप्प बसवलं. मला वाटलं आता ही मोबाईलवरच्या त्या बायांसारखं 'सेल्फ-लव्ह, सेल्फ-लव्ह' सुरू करणार. त्या व्हिडिओंचा मला रागच येतो. 'स्वतःवर प्रेम करा' म्हणणारीच्या मागं सबंध खोलीत एक कापड वाळत घातलेलं दिसत नाही. पण हिनं वेगळं सांगितलं. क्रिस्टिन नेफ म्हणून अमेरिकेतल्या एक बाई आहेत, त्यांनी २००३ मध्ये याच्यावर लिहिलं. त्या प्रेम म्हणत नाहीत, सेल्फ-कम्पॅशन म्हणतात, आणि त्यात तीन गोष्टी धरतात. एक, स्वतःशी सौम्यपणानं वागायचं. दुसरी, हे आपल्या एकटीचंच नाही, माणसाचं असं होतंच, याची आठवण ठेवायची. तिसरी, जे दुखतंय ते दाबायचं नाही आणि उगाळतही बसायचं नाही, आहे तसं बघायचं.

दुसरी गोष्ट ऐकून मला हसूच आलं. सव्वीस वर्षं टेप घेऊन उभी आहे मी. सगळ्याच श्वास ओढतात हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? "सौम्यपणा म्हणजे मग माया का गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "माया चालेल की."

त्याच संध्याकाळी तिनं टेप उचलली. "उभी राहा, तुझं माप घेते." मी म्हटलं, मापाचं ब्लाऊज आहे की. "ते कपाटात ठेव." तिला टेप धरता येत नाही, पाठीवर सरळ राहत नव्हती, मीच आरशात बघून "डावीकडे वर घे, अगं वर" सांगत होते. छातीचं झालं. टेप कमरेवर आली आणि मी श्वास आत ओढला! लेकीसमोर, माझ्याच खोलीत. ती थांबली. "सोड की श्वास." सोडला. छाती ४१, कमर ३७. वहीचं नवं पान काढून तिनं वर 'आई' लिहिलं आणि आकडे मोठ्यानं म्हणत लिहिले.

मला वाटलं होतं फार वाईट वाटेल. वाटलंही थोडं. पण त्याहून जास्त वाटलं ते असं, की सात इंचांचा फरक 'दोन बोटं' वाढवून ठिगळांवर भागवत होते मी इतकी वर्षं, मग दिवसभर काखेत टोचणार नाही तर काय होणार.

त्यानंतर रोजचं काय बदललं ते सांगते, पण फार काही नाही बरं. फिजिओथेरपीवाल्या मुलीनं भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला. भिंतीजवळ उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं वर वर जायचं. जिथं थांबलं तिथं मी शिवणाच्या खडूनं खूण करायला लागले. पहिल्या दिवशी जमिनीपासून ५१ इंच. सहा महिन्यांनी ६७. कपाटाशेजारच्या भिंतीवर त्या निळ्या रेघांची शिडी झालीय, रंग द्यायचा म्हणून हे मागं लागलेत, मी देऊ दिलेला नाही. गिऱ्हाइकं विचारतात, नातवंडाची उंची मोजता का? हो म्हणते कधी कधी.

चहा दोन कप, बिनसाखरेचा. महिनाभर दुधाळ पाण्यासारखा लागला, आता चालतो. सकाळी आमराईत चालायला जाते, आठवड्यातून पाचदा ठरवलंय, तीनदा जमतं. न जमलेल्या दोन दिवसांवर पूर्वी अख्खी दुपार चिडचिड करायचे. आता गेले नाही तर नाही गेले. जेवणाचं म्हणाल तर पहिली गरम पोळी मी माझ्या ताटात घेऊन बघितली एक दिवस. सासूबाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच तव्यावरची उचलून माझ्या ताटात टाकली. त्याच्यावर दोघींनी काहीही चर्चा केलेली नाही, आणि करणारही नाही.

अवघड गेलं ते पैशाचं. अस्तराचं ब्लाऊज मी पाच वर्षं २५० ला शिवत होते, दोरा-अस्तर महागलं तरी. ३५० सांगायचं ठरवलं आणि तीन वेळा तोंडातून २५०च निघालं. चौथ्यांदा निघालं ३००. 'उद्याच पाहिजे हो मावशी' म्हणणाऱ्यांना नाही म्हणायला तर अजून जमत नाही नीट. एक जुनं गिऱ्हाईक तुटलं त्यात, अठरा वर्षांपासून येणारं. त्याचं मला वाईट वाटतं, उगाच 'गेली तर गेली' असं म्हणणार नाही. दुपारी दोन ते तीन मात्र दाराला 'बंद आहे' अशी पाटी लागते. पहिल्या आठवड्यात पाटी लावून आत शिवतच बसले होते, आवाज ऐकून बाहेरून हाका. आता आडवी होते.

मागच्या महिन्यात कापडपेठेत गेले, एकटी. खणाचं कापड बघितलं, मोरपंखी, काठ लाल. दुकानदार सवयीनं म्हणाला, "कितीचं द्यायचं गिऱ्हाइकाला?" म्हटलं माझ्यासाठीच आहे, पन्ह्याला बारीक आहे तेव्हा मायेला कापड धरून मोजा. त्यानं दोनदा मोजलं.

तीन रात्री लागल्या शिवायला. नवीन मापानं, सुती अस्तर, बाजूला दीड इंच माया, आत तीन टिपा. परवा घातलं. अंगात शिरलं, हूक सगळे सहज लागले, काखेत कुठं टोचलं नाही. आरशात वळून बघितलं आणि लगेच दिसलं, उजवा मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो भाग, ओढतोय. लेकीनं माप डाव्या खांद्याचं घेतलं होतं आणि मी दोन्ही बाजू सारख्याच कापल्या. उजवा खांदा आखडल्यापासून थोडा पुढं आलाय, हात अजून पूर्ण वर जात नाही, त्याचं वेगळं माप घ्यायला हवं होतं. गिऱ्हाइकाचं असतं तर रातोरात उसवलं असतं.

बाही काढावी लागेल. मुंढ्यात माया आहे, अर्धा इंच सुटेल. उद्या चालायला जायचा दिवस आहे आणि दुपारी पाटी आहे, म्हणजे परवा सकाळीच हातात घेते. तोवर तसंच घालून फिरतेय.