तुम्ही विचारलंत म्हणून : सूर्याच्या पोटातले गणित खरे कशावरून?

व्याख्यान संपले की हा प्रश्न हमखास येतो : सूर्याच्या अंतरंगाचे तुम्ही गणित मांडता, पण तिथे गेले कोण? प्रश्न रास्त आहे, आणि मला तो फार आवडतो.

नळाखालची घागर भरत आली की आवाज चढत जातो आणि आत न डोकावताही आपल्याला ते कळते. सूर्याचेही तसेच. 1962 साली लेटन, नॉइस आणि सायमन यांनी दाखवले की सूर्याचा पृष्ठभाग सुमारे पाच मिनिटांच्या आवर्तनाने वरखाली होत असतो. हे आत कोंडलेल्या ध्वनितरंगांचे काम आहे, हे पुढच्या दशकात उलगडले. एकेका आंदोलनाचा वेग सेकंदाला फार तर दहा-वीस सेंटिमीटर, म्हणजे माणसाच्या चालीहून कितीतरी कमी. तरीही वर्णरेषांच्या (सूर्यप्रकाशाच्या वर्णपटातल्या बारीक काळ्या रेघांच्या) सरकण्यातून तो मोजता येतो. काही तरंग वरच्या थरांतूनच माघारी वळतात, काही गाभ्यापर्यंत जातात, त्यामुळे असंख्य वारंवारता एकत्र मांडल्या की थराथरातला ध्वनिवेग हाती येतो. रात्रीचा खंड पडू नये म्हणून 1995 पासून जगभरातल्या सहा दुर्बिणी आळीपाळीने सूर्य पाहतात. त्यांतली एक उदयपूरला आहे.

या मोजमापांनी प्रारूपाची, म्हणजे सूर्याच्या अंतरंगाच्या आमच्या गणिताची, बाजू एकदा भक्कमपणे राखली. गाभ्यातून सुटणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण मोजणारे अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिस यांना ते अपेक्षेच्या सुमारे एक तृतीयांशच मिळत होते आणि संशय गाभ्याच्या तापमानावर होता. पण ध्वनिवेग गणिताशी टक्क्याच्या अंशापर्यंत जुळला, तेव्हा खोट सूर्यात नसून न्यूट्रिनोंच्या आपल्या समजुतीत असणार, हे दिसू लागले. पुढे कॅनडातल्या सडबरीच्या न्यूट्रिनो प्रयोगाने तेच सिद्ध केले.

दुसऱ्यांदा मात्र प्रारूपच अडचणीत आले. संवहनाचा थर, म्हणजे जिथे तप्त वायू उकळत्या पाण्यासारखा वरखाली फिरतो तो बाहेरचा भाग, केंद्रापासून त्रिज्येच्या 71.3 टक्क्यांवर सुरू होतो, हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले अंतिया यांनी सरबनी बसू यांच्यासह 1997 साली अत्यंत काटेकोरपणे मांडले. नंतर वर्णपटाच्या सुधारित अभ्यासातून सूर्यातला ऑक्सिजन, कार्बन आदी जड मूलद्रव्यांचा वाटा पूर्वीपेक्षा बराच कमी निघाला. ही मूलद्रव्ये कमी असली की प्रकाशाला अडथळा कमी, आणि प्रारूपातली ती सीमा 72 टक्क्यांच्या पुढे सरकते. मला स्वतःला आंदोलनांचा आकडा अधिक विश्वासार्ह वाटतो. 2015 साली अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत, त्या सीमेजवळच्या तापमानाला लोखंड गणितापेक्षा जास्त प्रकाश अडवते असे आढळले; त्याने प्रारूपातल्या अडथळ्याची साधारण निम्मी तूट भरून निघते, उरलेली निम्मी अजून तशीच आहे.